चटका न लागणारे हात

भागूबाईंविषयी लिहावं असं मला कित्येक वर्षं वाटत आलं आणि दर वेळी मी ते टाळलं. मला लिहिता येत नाही, हे एक कारण. दुसरं असं की त्यांच्यावर जे संकट आलं ते माझ्या एका वाक्यामुळे आलं, आणि ते वाक्य कागदावर उतरवायला हात धजत नाही. पण ती खानावळ पाहिलेला माझ्याखेरीज आता कोणी उरला असेल असं वाटत नाही. म्हणून जमेल तसं लिहितो.

साल १९५७. मी गुहागरकडचा. पिंपरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात लागलो होतो. चिंचवड स्टेशनच्या मागे, रुळांच्या पलीकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत भागूबाईंची खानावळ होती. पुढच्या खोलीत आम्ही अकरा जण जेवायला बसायचो, मागच्या खोलीत चूल होती. मधे दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्यामुळे पानावर बसल्या बसल्या चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या भागूबाई दिसायच्या.

बाई पंचेचाळिशीच्या, उंच आणि हाडकुळ्या होत्या. त्यांनी कोणाला प्रेमाने वाढलेलं मी पाहिलं नाही. भाकरी पानात पडायची ती फेकल्यासारखी. प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलं होतं. मी फारसा बोलत नसे म्हणून मी मुका. परांड्याचा रंगराव फिटर होता आणि मिशीला पीळ द्यायचा, म्हणून तो सुभेदार. आमच्यातला कोणी "भाजीत मीठ कमी आहे" म्हणाला, तर त्या मिठाचा डबाच त्याच्या पुढ्यात आदळायच्या आणि म्हणायच्या, "घाल. तुझ्या बापानं मिठागर ठिवलंय."

त्या मूळच्या चाकणजवळच्या निघोज्याच्या. नवरा गेल्यावर दीर तात्याबा याने त्यांना एक वर्ष सांभाळलं आणि ते वर्ष रोज बोलून दाखवलं. एके दिवशी त्यांनी तवा आणि काठवट डोक्यावर घेतली आणि चालत चिंचवडला आल्या. आधी रेल्वेच्या गँगमनना भाकऱ्या करून दिल्या, मग कारखाने आले, तशी खानावळ झाली. परत निघोज्याला जायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात ठरवली होती. खानावळ होती तोवर ते जमत होतं.

आता ते वाक्य. कार्तिकातली संध्याकाळ होती. भागूबाईंनी तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली, पुन्हा बोटांनीच उचलून निखाऱ्यापुढे उभी केली, तिथेही बोटांनीच फिरवली. चिमटा शेजारी पडून होता. मला नवल वाटलं, आणि शेजारी बसलेल्या रंगरावला मी म्हणालो, "बाईंना चटका लागतच नाही."

मी ते कौतुकाने म्हणालो होतो. रंगरावचा घास मात्र हातातच राहिला.

पुढे मार्गशीर्षात थंडी वाढली आणि भागूबाईंचे हात उलले. बोटांच्या पेरांवर लाली आली, मनगटापर्यंत पापुद्रे निघू लागले, अंगठ्याच्या बेचक्यात भेगा पडल्या. त्या मधेच चिमट्याच्या पाठीने हात खाजवायच्या. हे दर हिवाळ्यात व्हायचं असं त्या नंतर म्हणाल्या. त्याआधी आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. या वर्षी अकराही जण पाहत होते, कारण रंगरावने प्रत्येकाच्या कानात सांगून ठेवलं होतं. त्याच्या चुलत्याला महारोग झाला होता. आधी कातडी बिघडली, मग चिलमीतला निखारा बोटावर पडला तरी त्याला कळला नाही. घरच्यांनी त्याला शेतातल्या खोपीत ठेवलं आणि तो तिथेच मेला. लहानपणी रंगराव त्याला भाकरी द्यायला जायचा, ती दगडावर ठेवून लांब पळायचा. त्याची भीती खोटी नव्हती. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

एका संध्याकाळी त्याने विषय काढला.

"भागूबाई, एक विचारू का? राग मानू नका."

"राग मानायचा का न्हाई ते मी ठरवीन. इचार."

"हाताला काय झालंय?"

"थंडी."

"थंडी आम्हालाबी हाय की."

"तू भाकरी थापतोस व्हय? तू पाना फिरवतोस. त्योबी दुसऱ्यानं धरला तर."

दोघे-तिघे हसले. रंगराव हसला नाही. "तुम्हाला चटका लागत नाही म्हणतेत," तो म्हणाला.

"कोन म्हनतं?"

रंगरावने नाव घेतलं नाही. मी पानाकडे पाहत राहिलो. भागूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हा प्रश्न कुठे चालला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला.

"मंजी तुमाला त्यो रोग म्हनायचाय."

"आम्ही काही म्हणत नाही. तुम्ही आमच्यासमोर हात धुऊन बसत जा, एवढंच. सोड्यानं, कढत पाण्यानं. मग आम्ही बिनघोर जेवू."

असला रोग धुऊन जात नाही, हे रंगरावलाही ठाऊक असणार. पण अकरा जणांचं पोट आणि मन एकदम राखायचं म्हणजे असलंच काहीतरी सुचतं. भागूबाईंनी नाही म्हटलं असतं तर आम्ही सगळे उठलो असतो. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रकार सुरू झाला. आम्ही पानावर बसलो की त्या चौकटीत वाफाळतं पातेलं आणून ठेवायच्या. त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायच्या आणि नारळाच्या काथ्याने कोपरापर्यंत हात घासायच्या. "बघा, डोळं भरून बघा. देवाची काकडआरती बी येवढ्या भक्तीनं बघत नसाल," असं म्हणायच्या. मग तेच हात पुसून भाकरीला बसायच्या.

आठ दिवसांत भेगांतून रक्त येऊ लागलं. हात जास्त बिघडले तसे आम्ही जास्त बारकाईने पाहू लागलो, आणि आम्ही जास्त पाहू लागलो तशा त्या जास्त घासू लागल्या. दिवसा एकट्या असताना चुलीतली राख आणि लिंबू चोळायच्या, हे मला भांड्याजवळच्या सालींवरून कळलं. मळ असेल तर निघेल, अशी त्यांची समजूत. दोन जण खानावळ सोडून गेले. पुढच्या आठवड्यात आणखी एक गेला.

यात सगळ्यांत वाईट असं की हे कशाने होतंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्या खात्यात बाटल्या सोड्याच्या पाण्यातच धुवायच्या. पहिल्या हिवाळ्यात माझेही हात असेच सोलपटले होते. तेव्हा कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर उद्धवराव मला चांगले रागावले होते. "सोडा कातडीचं तेल खातो," ते म्हणाले होते. "कढत पाणी उरलंसुरलं नेतं. मग थंडी आत शिरते. काम सुटत नसेल तर निदान घरी गेल्यावर हातांना जगू द्या." काय करायचं तेही त्यांनी सांगितलं होतं, आणि मी बरा झालो होतो.

इतकं माहीत असून मी पंधरा दिवस गप्प बसलो. तोंड उघडलं तर ते पहिलं वाक्य कोणाचं, हेही निघालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला भागूबाईंची भीती वाटायची.

सोळाव्या दिवशी रविवार होता. मी दुपारीच खानावळीत जाऊन भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेर बैलगाडी थांबली. त्यांचा दीर तात्याबा. तो कांद्याच्या गोण्या मालगाडीला लावायला चिंचवडला यायचा, पण खानावळीकडे कधी फिरकला नव्हता. आजही तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बाईंनी तांब्या पुढे केला, त्याला त्याने हात लावला नाही.

"चाकनच्या बाजारात कानावर आलं," तो म्हणाला.

"काय आलं?"

"तुला म्हाईत हाय. आता हितं कोन जेवनार? घरी चल. गोठ्यामागं छप्पर घालून देतो. ताटली येगळी, तांब्या येगळा. घरात पाय ठिवायचा न्हाई, पोरांना हात लावायचा न्हाई."

"गोठ्यामागं."

"व्हय. घरान्याचं नाव हाय. रस्त्यावर मेलीस तर लोक मलाच थुकतील."

"गोठ्यात तूच ऱ्हा तात्याबा. बैलांना चालंल का, तेवढं इचार आधी."

तात्याबा गाडीवर चढता चढता म्हणाला, "संक्रांतीपतुर इचार कर. मंग ते छप्परबी न्हाई."

गाडी गेली. भागूबाई मी तिथे नाहीच अशा आत गेल्या आणि काठवटीत पीठ घेऊन बसल्या. मळायच्या पाण्यात मीठ टाकून त्यांनी त्यात हात घातला, तो झटक्याने बाहेर काढला आणि दातावर दात दाबून श्वास ओढला. डोळ्यांतून पाणी आलं. मग पुन्हा हात घातला. मूठ वळत नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात जे पंधरा दिवस शिरलं नव्हतं ते शिरलं. ज्या हाताला मीठ इतकं झोंबतं तो हात बधिर कसा असेल? तव्यापुढे आयुष्य काढून बोटांची टोकं तेवढी राठ झाली होती. बाकीचा हात तर गरजेपेक्षा जास्त जिवंत होता.

मी चौकटीपर्यंत गेलो. "भागूबाई."

"भाकरीला येळ हाय."

"सोडा थांबवा."

त्यांनी मान वर केली. "मुका बोलला. आन् बोलला काय, तर सोडा थांबव. मंग सांजच्याला त्यांना काय दाखवू? तुझं थोबाड?"

मी खिशातून कोकमाच्या तेलाचा गोळा काढला. आमच्याकडे कोकमाच्या बियांचं तेल काढून त्याचे अंड्याएवढे घट्ट गोळे वळून ठेवतात. आई दर वर्षी एक द्यायची, तो हिवाळाभर माझ्या खिशात असायचा. उद्धवरावांनी सांगितलेलं सगळं मी एका दमात म्हणून टाकलं. पाणी कोमट, कढत नको. सोडा, राख, लिंबू काही नको. हात चोळून नाही, टिपून पुसायचे, आणि थोडे ओले असतानाच हा गोळा निखाऱ्यावर जरासा धरून लावायचा. झोपताना जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या गुंडाळायच्या. घोंगडी थेट हाताला लागू द्यायची नाही, लोकरीने खाज वाढते.

"झालं?"

"नाही," मी म्हणालो. "चटक्याचं मीच बोललो होतो रंगरावला. वाईट मनात नव्हतं."

"म्हाईत हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चौकटीतनं तुमाला मी दिसते, तसं मला तुमचं ऐकू येतं. पंधरा दिस वाट बघत व्हते, ह्यो कवा त्वांड उघडतोय म्हनून." त्यांनी गोळा माझ्या हातातून घेतला, वास घेतला, नाक मुरडलं. "त्या दिसापास्नं तुझी भाकरी शेवटची असती. ध्यानात तरी आलं का?"

आलं नव्हतं. शेवटची भाकरी काठवट खरवडून निघालेल्या पिठाची असते, लहान आणि जाड. मी ती निमूट खात आलो होतो.

संध्याकाळी आम्ही आठ जण पानावर बसलो. चौकटीत पातेलं आलं नाही. बाई भाकरी थापत होत्या. प्रत्येक थापेला त्यांचा जबडा आवळत होता.

"पाणी कुठाय?" रंगरावने विचारलं.

"न्हाई."

"मग आम्ही जेवणार नाही."

"उठा मंग."

कोणी उठलं नाही. भूक लागली होती आणि भाकरीचा वास सुटला होता. भागूबाईंनी तव्यावरची भाकरी बोटांनी उचलली आणि तशीच हातात घेऊन चौकटीत आल्या.

"ह्येच बघून तुमची झोप उडाली न्हवं? सुभेदार, तुझी आय हाय का?"

"हाय की. तिचं नाव कशाला?"

"भाकरी कशानं उलटती? चिमट्यानं?"

रंगराव मिशीला पीळ देऊ लागला.

"सांग की."

"...ठाऊक नाही."

"पंचवीस वरसं गिळल्या आन् ठाऊक न्हाई. तू सांग." त्या पुढच्याकडे वळल्या. "तू? तुझी आय?"

आठ जणांत एकालाही सांगता आलं नाही. मी आईचे हात आठवायचा प्रयत्न केला. मला तांदळाची भाकरी आठवली, वर पडलेले डाग आठवले, तव्याचा कान मोडला होता तेही आठवलं. हात आठवेनात.

बाईंनी भाकरी रंगरावच्या पानात टाकली. मग मिठाच्या डब्यातून चिमूट घेतली आणि आमच्या डोळ्यांदेखत बेचक्यातल्या भेगेत दाबून चोळली. त्यांचा हात कोपरापर्यंत थरथरला. डोळे भरून आले, पण त्या रंगरावकडे पाहत राहिल्या.

"मेलेल्या हाताला झोंबत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या चुलत्याला झोंबत व्हतं का?"

मी आयुष्यात फार थोड्या वेळा चार माणसांत बोललो आहे, त्यातली ही एक. मी माझे हात पुढे केले आणि म्हणालो, "कारखान्यात सोड्यानं आमचेही असेच होतात. उद्धवराव कंपाउंडरना विचारा." आवाज इतका बारीक निघाला की शेवटचे शब्द कोणाला ऐकू गेले की नाही कोण जाणे.

रंगराव न जेवता उठला. त्याच्यामागे तिघे गेले. आम्ही चौघे राहिलो. राहिलेल्यांचा फार विश्वास बसला होता असं नाही. दुसरी चांगली खानावळ पिंपरीत होती, आणि थंडीत तेवढं कोण चालणार.

चार माणसांवर खानावळ चालत नाही. घरमालकाने भाडं आलं नाही तर संक्रांतीनंतर खोल्या दुसऱ्याला देतो असं सांगून ठेवलं होतं, आणि तात्याबाच्या छपराची मुदतही संक्रांतीचीच होती. भागूबाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. गोळा मात्र लावत होत्या. लावताना मला शिव्या घालायच्या. "भाकरीला आंबूस वास मारतोय, मुक्या." हात चिकट होतो म्हणून थापताना पुसून काढायच्या, भाकऱ्या झाल्या की पुन्हा लावायच्या. धोतराच्या पट्ट्या दोरीवर वाळत असायच्या. चार दिवसांत रक्त थांबलं. पंधरा-वीस दिवसांत लाली उतरली, खपल्या गेल्या आणि खालून पातळ, गुलाबी कातडी आली. बोटांची टोकं तेवढी होती तशीच राहिली, काळपट आणि राठ.

संक्रांतीला रंगराव परांड्याला गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे खानावळ सोडून गेलेले पाच जण होते. भागूबाईंनी चुलीवरून मान वर केली नाही.

"काय सुभेदार?"

"आईचे हात बघितले."

"मंग?"

"बोटांनीच उलटते." तो थांबला. "भेगाबी हायत. कधीपासून हायत विचारलं, तर म्हणली तू जन्मायच्या आधीपासून."

"आन् तू तिच्या हातचं खाल्लंस?"

"खाल्लं."

"तिला हात धुवाया लावलंस का आधी?"

बाई उठल्या. वाफाळतं पातेलं चौकटीत आणून ठेवलं, त्यात मूठभर सोडा टाकला, वर काथ्या ठेवला.

"धू. कोपरापतुर. समद्यांनी बघा रं, डोळं भरून."

मला वाटलं तो निघून जाईल. त्याने बाह्या वर केल्या आणि धुतले. तो जेवायला बसला म्हणून बाकीचे पाच बसले आणि खानावळ राहिली. त्या भाकऱ्या मात्र फेकूनच वाढल्या गेल्या.

रोज संध्याकाळी रंगरावचं हात धुणं व्हायचं. बाई भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायच्या. आठव्या रेघेला त्याच्या पेरांवर लाली आली, दहावीला भेगा पडल्या, पाना धरताना त्याचा हात झोंबू लागला. त्याने माझ्याकडे तो गोळा मागितला. "भागूबाईंकडे आहे," मी म्हणालो. त्याने त्यांच्याकडे मागितला नाही. मला त्याची दया आली नाही, हे लिहिताना थोडं चमत्कारिक वाटतं, पण आली नाही.

पंधरावी रेघ झाली. सोळाव्या संध्याकाळी तो बाह्या सारून चौकटीपाशी बसला, तर पातेलं नव्हतं. बाईंनी बसल्या जागेवरून गोळा त्याच्याकडे फेकला. तो आता सुपारीएवढाच उरला होता.

"वल्या हाताला लावायचा. आन् आयला एक धाड. मुका मागवून दील. फुकट न्हाई, इकत घे."

मी मागवून दिला. रंगराव पुढे चार वर्षं तिथेच जेवला. भागूबाई त्याच्याशी कधी गोड बोलल्या नाहीत, तोही त्यांच्याशी नाही. तात्याबा परत आला नाही. बाईंचे हात दर हिवाळ्यात थोडे उलायचे, आणि दर मार्गशीर्षात मी आईकडून आणलेला गोळा चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवायचो. ठेवताना त्या माझ्याकडे पाहायच्या नाहीत. एकदा नुसतं म्हणाल्या, "ह्या खेपंचा लहान हाय."

रंगरावच्या पंधरा रेघा त्यांनी पुढच्या दिवाळीत भिंत सारवताना पुसून टाकल्या. माझ्यासाठी त्यांनी रेघा ओढल्याच नव्हत्या. मी त्या खानावळीत आणखी अकरा वर्षं जेवलो. माझी भाकरी अखेरपर्यंत शेवटची होती, काठवट खरवडून केलेली, लहान आणि जाड.